साफ रिपोर्ट

सापगावात आजही कोणाला विचारलं तर लोक सांगतात, कुंडलिकच्या घराण्यात खोट निघाली म्हणून त्याच्या पोरीची सोयरीक मोडली. संजीवनीला हे ठाऊक आहे. ती आता कोणाचं बोलणं खोडून काढायला जात नाही. एकदा गेली होती, तिथूनच सगळं बिघडलं.

कुंडलिक म्हणजे तिचा नवरा. भातसानगरला धरणावर कामाला होता. दरवाजांच्या मोटरी, साखळ्या, तेलपाणी हे त्याचं काम. माणूस इतका नेमस्त की कामावरचे लोक त्याला 'महाराज' म्हणायचे. पान नाही, तंबाखू नाही, श्रावणापुरतं नव्हे तर बाराही महिने मटणमासळी नाही. घरची भातशेती धाकटा भाऊ विठू बघायचा. दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण ओटा एकच होता.

असल्या माणसाला शौचाला रक्त पडायला लागलं आणि त्यानं ते वर्षभर बायकोलाही सांगितलं नाही. बाईमाणसाला असलं काय सांगायचं, ही त्याची रीत. आपले कपडे तो स्वतःच विहिरीवर धुऊन आणायचा. संजीवनीला वाटायचं, किती समजूतदार माणूस आहे. मग एकदा तापात पडून राहिला, तेव्हा धुणं तिच्या हाती आलं आणि तिला कळलं.

"मूळव्याध हाय गो," तो म्हणाला. "खर्डीच्या वैदूची पूड घेतोय. उतार हाय."

उतार नव्हताच. पट्टा दोन भोकं आत गेला होता. तिनं हट्टानं त्याला शहापूरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं तपासलं, हात धुतले आणि बसायलाही न सांगता परळच्या कॅन्सर हॉस्पिटलची चिठ्ठी लिहायला घेतली. हे दोन हजार आठ सालच्या उन्हाळ्यातलं.

परळला मोठ्या आतड्यातली गाठ काढली. पण तोवर तिची पिल्लं यकृतात जाऊन बसली होती. आधी औषधाच्या बाटल्या चढवून ती आकसवायची, मग यकृताचा तेवढा भाग कापून काढायचा, असं ठरलं. त्या बाटल्या चढवायच्या वॉर्डात त्यांना बारकू भेटला.

बारकू सिद्धगडाच्या पायथ्याशी नारिवलीचा. जातीनं त्यांच्यातलाच, कुणबी. आजारही तोच, तसाच आतड्यातून यकृतात गेलेला. बाकी मात्र दोघांचं काहीच जुळत नव्हतं. बारकूचा आवाज वॉर्डाच्या दारापासून ऐकू यायचा. उभ्या आयुष्यात मोहाची किती प्यायलो हे तो डॉक्टरांनाच हसत सांगायचा. त्याची बायको गोदू डब्यात भाताखाली सुकट लपवून आणायची आणि नर्सबाई सगळ्या वॉर्डात वास हुंगत फिरायच्या.

"यकृत म्हंजे काय रे कुंडलिकशेट?" त्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"कलेजी."

"हात्तिच्या. ती तर मी किती बकऱ्यांची खाल्ली. एकानं डूख धरला वाटतं."

कुंडलिक कधी मोठ्यानं हसायचा नाही. त्या दिवशी हसला. मग दोघांची गट्टी झाली. कुठल्या खाचरात झिनी भात चांगला येतो, मुरबाडच्या की शहापूरच्या, यावर ते तासन्‌तास भांडायचे. हाताला सुया आणि तोंडाला भाताच्या गोष्टी. बाहेर धर्मशाळेत संजीवनी आणि गोदू एकाच स्टोव्हवर पेज शिजवायच्या. संजीवनीची मुलगी अक्षदा सुट्टीच्या दिवशी बापाला भेटायला यायची, तशी बारकूचा मुलगा दीपेशही यायचा. अक्षदा शहापूरच्या पतपेढीत कामाला होती. दीपेश मुरबाडच्या एमआयडीसीत फिटर होता. दोघं पायऱ्यांवर उभी राहून बोलतात हे दोन्ही आयांना दिसत होतं, पण दोघी एकमेकींना काही म्हणत नव्हत्या.

यकृताचं ऑपरेशन दोघांचं एकाच आठवड्यात ठरलं. आदल्या दिवशी बारकू कुंडलिकच्या खाटेवर येऊन बसला.

"कुंडलिकशेट, आता आपन टेबलावर जानार. कोन उठतो कोन नाय, देवाला ठावं. म्हनून आताच इचारतो. तुमची अक्षदा माझ्या दीपेशला द्या."

कुंडलिक म्हणाला, "आपल्या दोघांना हा असला आजार. लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतील, दोघं कॅन्सरवाले व्याही झाले. म्हनू दे. आपल्याला जे कळलं ते त्यांना कळलंय काय? माझ्या सुनंला कधी सांगायला लागनार नाय, सासऱ्याच्या पोटात काय झालं होतं ते. तिनं सगळं बापाच्या घरी बघितलंय."

संजीवनी उशाशी उभी होती. बारकूचं ते बोलणं तिच्या मनात घर करून बसलं. एवढ्या आडदांड माणसाला इतकं नाजूक कळतं, याचं तिला नवल वाटलं होतं.

ऑपरेशनं झाली. मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही कुटुंबांना एकत्रच बोलावलं आणि दोघांनाही तेच सांगितलं: गाठी पूर्ण निघाल्या, कापलेल्या कडा साफ आहेत, उरलेलं यकृत वाढून जागा भरून काढील. गोदूनं संजीवनीचा हात धरला आणि दोघी तिथंच रडल्या. घरी जायच्या आधी त्यांच्या वॉर्डातली तरुण डॉक्टरीणबाई दोघांकडे आली. काढलेल्या गाठीचा एक तुकडा वेगळ्या तपासणीला पाठवायला परवानगी मागत होती. दोघांनी अंगठ्याएवढ्या जागेत आपापली सही केली. बारकू म्हणाला, "आमच्या काय कामाचा तो आता? घेऊन जा."

दुसऱ्या वर्षी अक्षय्य तृतीयेला सापगावला साखरपुडा झाला. कुंडलिक धोतर नेसून पाटावर बसला होता, वजन थोडं भरलं होतं. विठूनं ओट्याला नवा गेरू दिला होता. कुंडलिकची थोरली बहीण लहानी किन्हवलीहून आली होती. तिनं भाचीची दृष्ट काढली आणि सगळ्यांसमोर भावजयीला म्हणाली, "वाचवलंस गो माझ्या भावाला." पुढं माघात लग्न धरायचं ठरलं.

श्रावणात तपासणीला गेले तेव्हा कुंडलिकच्या स्कॅनचा फोटो बघून डॉक्टरीणबाईनं खुर्ची जवळ ओढली. बारकू आणि गोदूही त्याच खोलीत होते. आता दोन्ही घरं एकत्रच जायची-यायची.

बारकूचं सगळं ठीक होतं. कुंडलिकच्या यकृतात पुन्हा ठिपके होते. एका जागी नव्हे, सगळीकडे शिंपडल्यासारखे, आणि फुफ्फुसातही. आता कापण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"ऑपरेशन चुकलं का?" संजीवनीनं विचारलं.

"नाही. दोघांचं ऑपरेशन सारखंच चांगलं झालं होतं. पण दोघांच्या गाठी सारख्या नव्हत्या." डॉक्टरीणबाई सावकाश बोलत होती. "प्रत्येक पेशीत वाढीचं एक बटण असतं. गरज पडली की चालू होतं, काम झालं की बंद होतं. कुंडलिकरावांच्या गाठीत त्या बटणाच्या जीनमध्ये बदल झालाय. म्युटेशन म्हणतात त्याला. बटण चालूच अडकलंय. बारकूरावांच्या गाठीत तो बदल नाही. ज्यांच्या गाठीत हा बदल असतो त्यांच्यात आजार लवकर उलटून येतो असं आता दिसायला लागलंय. एक नवीन औषध आलंय, पण ते बाहेरून बटण बंद करतं. आतूनच अडकलं असेल तर त्याचा उपयोग नाही."

कुंडलिक ऐकत होता. "म्हंजे धरनाचा दरवाजा वर, उघडाच अडकला," तो म्हणाला. "खाली मोटर कितीबी फिरवा."

"तसंच."

"कशानं झालं हे? मी तर काय खाल्लं-प्यायलंबी नाय."

"कशानं असं सांगता येत नाही. पेशींची नक्कल होताना चूक होते. कोणाच्याही होते. तुमचं त्यात काही चुकलं नाही."

तेव्हा संजीवनीनं तो प्रश्न विचारला जो नंतर तिला हजारदा आठवला. "बाई, जीनमध्ये म्हंजे पोरीला लागेल का हे?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि तिनं ते दोन्ही बायांकडे बघत सांगितलं. "हा बदल फक्त गाठीत झालाय. त्यांच्या बाकीच्या शरीरात नाही. जन्मतः नव्हता, मुलांकडे जात नाही. एवढंच, की घरात हा आजार झालाय म्हटल्यावर भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीच्या सुमारास एकदा आतडं तपासून घ्यावं. आणि हे दोन्ही घरांना सारखंच. त्याचा या बदलाशी संबंध नाही."

बारकू मान हलवत होता. गोदू पदराची गाठ सोडत-बांधत होती.

कुंडलिक त्यानंतर बदलला. जो माणूस कधी कोणाला टाकून बोलला नाही, तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोचायला लागला. भादव्यात बारकू त्याला भेटायला आला. खांद्यावर तांदळाचं गाठोडं, तोंडाला मोहाचा वास.

"घ्या कुंडलिकशेट, नारिवलीची झिनी. खाऊन सांगा कुठली बरी."

"अजून पितोस तू?" कुंडलिकनं विचारलं.

"थोडी."

"आन मटन?"

बारकू ओशाळला. "चालतंय कधीतरी."

"जा घरी," कुंडलिक म्हणाला. "मला बघवत नाय तुझ्याकडं. रागावू नको. पन जा."

बारकूनं गाठोडं पायरीवर ठेवलं आणि वळला. संजीवनी मागं धावत वेशीपर्यंत गेली, त्याची समजूत घालायला. तो म्हणाला, "वैनी, त्याच्या जागी मी असतो तर मी बी हेच बोललो असतो." आणि डोळे पुसले. पुढं जे झालं त्यातलाही बारकू हाच.

घरी आली तर कुंडलिक भिंतीकडे तोंड करून पडला होता. "बाईनं सांगितलं तुमचं काय चुकलं नाय," तो म्हणाला. "चुकलं असतं तर बरं झालं असतं गो. निदान कशाची सजा ते तरी कळलं असतं."

भात कापणीला आलं तेव्हा तो गेला. शेवटचे दिवस पिवळा पडला होता, अंगाला खाज सुटायची, संजीवनी कडुलिंबाच्या पाण्यानं पुसून घ्यायची. गेला त्या दुपारी विठू खाचरात होता. हातातला विळा घेऊनच तो धावत आला.

तेराव्याला सगळं गणगोत जमलं. पंगत उठल्यावर बायका ओट्यावर बसल्या आणि लहानीनं सुरुवात केली. मोठ्यानं नाही, शेजारणीला सांगावं तसं, पण संजीवनीला ऐकू जाईल असं.

"माझा भाऊ वरीसभर रगत गाळत होता. घरातल्या बाईला कळू नये? धुनी कोन धूत होतं?"

शेजारणीनं मान डोलावली तशी लहानीला जोर चढला.

"तो मुरबाडचा बारकू बघा. एकच आजार, एकच डाक्टर, एकच आपरेशन. तो बैलावानी फिरतोय. कारन त्याच्या बायकोनं सांभाळला. हिनं माझ्या भावाला पालापाचोळा खायला घालून मारला. अंगात ताकदच नव्हती त्याच्या, टिकंल कसा?"

संजीवनी आत भांडी आवरत होती. सहा महिन्यांपूर्वी याच ओट्यावर याच बाईनं 'वाचवलंस' म्हटलं होतं. ती हात न पुसताच बाहेर आली.

"वन्स, एकच आजार नव्हता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, पुरुष बसले होते तिकडेही गेला. "डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलंय. ह्यांच्या जीनमध्येच दोष होता. बारकूभाऊंच्या नव्हता. मी काय खायला घातलं, नाय घातलं, त्यानं काय फरक पडनार नव्हता. ते त्यांच्यातच होतं."

'गाठीच्या' हा शब्द तिनं म्हटला नाही. डॉक्टरीणबाईनं तो दहादा म्हटला होता. संजीवनीलाही तो पक्का कळला होता. पण रागाच्या भरात जीभ पुढं गेली आणि तो शब्द मागं राहिला.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडून विठू उठून आला. "जीन म्हंजे? आनुवंशिक ना ते? शाळेत असतं पोरांना. म्हंजे आमच्या रक्तात खोट हाय म्हनतेस?"

"तसं नाय भावोजी, रक्तात नाय, त्या गाठीत..."

"आताच बोललीस, त्यांच्यातच होतं. सगळ्यांनी ऐकलं."

"आयकलं बाबा," लहानी म्हणाली. "नवऱ्याला खाऊन वर त्याच्या कुळाला नाव ठेवते."

संजीवनी समजावत राहिली. बटण, पेशी, गाठीचा तुकडा. जितकं बोलावं तितकी ती रक्तातली खोट लोकांना अधिक खरी वाटायला लागली. शहापूरहून मुरबाडला जाणारी एसटी सापगाव, किन्हवली, सरळगाव अशी जाते. तो शब्दही त्याच रस्त्यानं गेला असावा. लहानीच्या किन्हवलीत त्याला वेळ लागला नसेल.

बाप गेल्यावर लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून माघातली तारीख कायम ठेवायची असं संजीवनीनं धरलं होतं. पौष सरत आला तरी नारिवलीहून ना निरोप, ना कोणी कपडे घ्यायला बोलावलं. दीपेश अक्षदाला रोज फोन करायचा, तो आधी आठवड्यानं करायला लागला आणि मग उचलेनासा झाला. विठूला सोबत चल म्हटलं तर तो म्हणाला, "तूच घालवलीस, तूच जा." संजीवनी एकटी निघाली.

बारकू अंगणात भात वाळवत होता. उघडा, पोटावरचा तो आडवा व्रण उन्हात चकाकत होता. कुंडलिकच्या पोटावरही असाच होता. तिला बघून तो गडबडला, सदरा घातला, घोंगडी अंथरली. गोदूनं पाणी आणून ठेवलं आणि आत गेली. धर्मशाळेत एका ताटात जेवलेली बाई, एक शब्द न बोलता आत गेली.

"भाऊ, तारीख जवळ आली," संजीवनी म्हणाली.

बारकू भाताचे दाणे बोटांनी सारत राहिला. "वैनी, घरात थोडं मागंपुढं चाललंय. गोदूचे भाऊ म्हनतात, त्यांच्या घरान्यात जीनचा दोष हाय. उद्या पोराबाळांत उतरला तर."

"तुमी होतात की खोलीत. बाई काय बोलली ते तुमी आयकलंत. पोरीकडं येत नाय. फकस्त गाठीत होतं."

"आयकलं."

"आन तपासून घ्यायचं ते दोन्ही घरांनी. तुमच्या दीपेशनं बी. तुमाला बी तोच आजार झालाय भाऊ."

"मला झाला," बारकू म्हणाला. "पन माझा रिपोर्ट साफ हाय."

"तो रिपोर्ट तुमच्या रक्ताचा नाय. गाठीचा हाय. तुमची गाठ तशी नव्हती एवढंच त्याच्यात लिवलंय."

बारकूनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत न कळल्याची कसलीही खूण नव्हती.

"मला कळतंय वैनी," तो हळू म्हणाला. "मला त्या दिशीच कळलं. पन माझं आयका. मी परळहून आलो तवा गावात मला लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात बसवायचे. पानी वरून वतायचे. दीपेशच्या मागं अजून एक पोरगा हाय, एक पोरगी हाय. कोन सोयरीक करील? मग मी सांगायला लागलो, माझ्यात दोष नाय, डाक्टरनं लिहून दिलंय, दोष त्या सापगाववाल्याच्यात होता. लोकांना ते पटलं. आता मला पंगतीत मधी बसवतात."

संजीवनीनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

"म्हंजे तुमीच सांगत फिरलात."

"मी आधी नाय सांगितलं. किन्हवलीहून बोलनं आलं. तुमीच बोललात तेराव्याला, असं आलं. मी आधी फकस्त नाय म्हनलो नाय, मग मी बी तेच बोलायला लागलो."

"आन आता तुमची सून म्हनून अक्षदा आली तर?"

"तर लोक म्हनतील, दोन्हीकडनं हाय. मग माझा साफ रिपोर्ट कशाला?" तो मान खाली घालून बोलत होता. "तुमच्याकडं दोष हाय म्हनून माझ्याकडं नाय. लोकांना असंच कळतं वैनी. दुसऱ्या कशानं नाय कळत."

दीपेश कामावरून आला. चप्पल काढताना संजीवनीला बघून तो थबकला, वाकून पाया पडला.

"तू काय म्हनतोस रे?" तिनं विचारलं.

"आबा म्हनतील तसं," तो म्हणाला आणि नळावर हात धुवायला गेला. खूप वेळ धूत राहिला.

संजीवनी उठली. बारकू एसटीपर्यंत सोडायला येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. मग जाता जाता म्हणाली, "तुमी त्या दिवशी आमच्या वेशीवर रडला होतात. ते खोटं होतं का?"

"नाय," बारकू म्हणाला. "ते बी खरं होतं."

घरी आल्यावर तिनं अक्षदाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. अक्षदा नुकतीच पतपेढीतून आली होती, खांद्यावरची पर्सही काढली नव्हती.

"गाठीच्या म्हनायला काय झालं होतं गं तुला?" ती शांतपणे म्हणाली. "एकच शब्द होता."

"मला मारत होती ती बाई शब्दानं. सगळ्यांसमोर."

"मारू द्यायचं होतं. तुला मारलं असतं, एवढंच."

अक्षदानं पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "जाऊ दे. तुझ्या जागी मी असते तर मी बी बोलले असते. ज्याला बायको हवी होती तो नळावर हात धूत बसला, त्याचं काय?" आणि चहा टाकायला आत गेली. त्यानंतर त्या विषयावर ती बोलली नाही. तिला बापाच्या जागी भातसानगरला नोकरी लागली, कचेरीत. दीपेशचं लग्न वैशाखात टोकावड्याच्या मुलीशी झालं. बारकू ठणठणीत होता. तपासणीला अजूनही जायचा, म्हणे एकटाच.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी विठूची बायको ठकी मागल्या दारानं संजीवनीकडे आली. दोन्ही चुलींचं बोलणं बंद होतं. ठकी दारातच उभी राहिली.

"जाऊबाई, मी बोलले असं सांगू नका. ह्यांचे कपडे हेच धुतात आताशा."

संजीवनीनं हातातलं सूप खाली ठेवलं. "कधीपासून?"

"होळीपासून असंल. मी लपून बघितलं. रगत हाय."

संजीवनी तशीच ओट्यावर गेली. विठू सुंभ वळत बसला होता. त्याचं मनगट तिला बारीक झाल्यासारखं वाटलं, का तिला आता सगळीच मनगटं तशी दिसत होती, कोण जाणे.

"भावोजी, परळला चला. मी येते संगं. मूळव्याध असंल तर मूळव्याध निघंल, परत येऊ."

"कोन बोललं तुला?"

"कोनी नाय. बाईनं सांगितलं होतं, भावंडांनी तपासून घ्यायचं."

विठूनं सुंभाला पीळ दिला. "तपासायला गेलो म्हंजे खोट हाय हे मीच कबूल केलं. माझे दोन पोरगे लग्नाचे हायेत. अक्षदाचं झालं ते बघितलं मी."

"ते माझ्या बोलन्यानं झालं. आजारानं नाय. आन तुमच्या भावाचा जीव बी ह्याच लाजेत गेला, वरीसभर लपवलं म्हनून."

"तू म्हनत होतीस ना, कोनी काय केलं असतं तरी फरक पडनार नव्हता? जीनमधी होतं?" तो हसला. "मग मला कशाला नेतेस?"

याला तिच्याकडे उत्तर होतं. ते तिला नीट ठाऊक होतं: ज्याची त्याची गाठ वेगळी, आणि वेळेत सापडली तर आतड्यातच काढून टाकता येते, यकृतापर्यंत जायची वेळच येत नाही. तिनं ते सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. विठूनं ऐकून घेतलं आणि सुंभ उचलून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा ओट्यावर त्याच्या दाराशी जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. गाव येता-जाता बघत होतं, लहानीपर्यंत बातमी गेली, कुळाला नाव ठेवून पोट भरलं नाही आता दिराच्या उंबऱ्यावर धरणं धरून बसते म्हणून. अक्षदा कामाला निघताना म्हणायची, "आई, ऊठ, लोक हसतात." ती उठायची नाही. विठू पुढच्या दारानं यायचा बंद झाला, मागच्या दारानं खाचराकडे जायला लागला. ठकी मधूनच तिच्यापुढं चहाचा कप ठेवायची आणि घाईनं आत जायची.

पालापाचोळ्याचा राब जाळून खाचरं भाजून झाली, पेरण्या झाल्या. तोवर तरी विठू परळला गेलेला नव्हता.